रिकाम्या काट्यावर पावणेसतरा टन का दिसतात?

(आमचा वजन-बोर्ड वापरणाऱ्या प्रोग्रामर मंडळींसाठी)

कापसाचा हंगाम लागला की हा फोन ठरलेला: "काटा रिकामा आहे, स्क्रीनवर १६७७७ किलो येतंय, तुमचा बोर्ड गेला." आमचा माणूस जळगावहून बोदवडला जातो आणि बोर्ड ठणठणीत निघतो. दिवस तुमचाही जातो, आमचाही.

बोर्ड वजन ग्रॅममध्ये पाठवतो. तीन बाइट, मोठा आधी. एक किलो म्हणजे ०, ३, २३२. पहिल्याला ६५५३६ ने गुणा, दुसऱ्याला २५६ ने, तिसरा तसाच मिळवा, झाले १०००. ही रीत कुठल्याही मशीनवर चालते. पॉइंटर लावून एकदम चार बाइट उचलू नका, चौथा चेकसमचा आहे. क्रम उलटा लागला तर एका किलोचे पंधरा टन होतात, म्हणजे ती चूक टेबलावरच सापडते.

सापडत नाही ती उणे वजनाची. टेअर (काटा शून्यावर आणायचं बटण) दाबताना काट्यावर पाच ग्रॅम कापूस राहिला आणि नंतर झाडला गेला, की बोर्ड उणे पाच पाठवतो: २५५, २५५, २५१. वरच्या रीतीने त्याचे १६७७७२११ ग्रॅम होतात, म्हणजेच स्क्रीनवरचे ते १६७७७ किलो. सीमध्ये २४ बिटांचा नेहमीचा टाइप नाही. ३२ बिटांत टाकलं की वरचे आठ बिट शून्यच राहतात आणि उणे चिन्ह हरवतं. म्हणून उत्तर ८३८८६०८ किंवा त्याहून जास्त आलं, तर त्यातून १६७७७२१६ वजा करा. कॅलिब्रेशनचा उणे आकडा बोर्डात लिहिताना तेवढेच आधी मिळवा, मग तीन बाइट पाडा.

वजन ठेवून सगळेच तपासतात. दोन किलोचं माप ठेवून टेअर दाबा आणि माप उचला. उणे २००० दिसलं तरच प्रोग्राम जिनिंगवर न्या.

"चार बाइटच का पाठवत नाही?" असं बरेच जण विचारतात. तीन बाइटांत ८३८८ किलोपर्यंत वजन मावतं, आमच्या काट्यांना ते पुष्कळ. शिवाय रचना बदलली तर आधी बोर्ड बसवलेल्यांचे प्रोग्राम भर हंगामात बंद पडतील. ते आम्ही होऊ देणार नाही.

सी आणि पायथनच्या तयार फाइली प्रत्येक बोर्डासोबत मोफत मिळतात, जुन्या ग्राहकांनीही मागून घ्याव्यात. स्वतःचाच प्रोग्राम वापरायचा असेल तर बसवण्याआधी लॅपटॉप घेऊन दुकानात या, आमच्या काट्यावर लावून पाहू.