फळीवरून गळ टाकताना

2008 साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डने एक निर्णय दिला. पोहण्या-सर्फिंगसाठी राखलेल्या पट्ट्याबाहेर नेलेला पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) ही यापुढे 'नौका' समजली जाईल. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात हवा भरलेल्या फळीवर उभं राहून हॅलिबट माशासाठी गळ टाकणारा माणूस कायद्याने नौकेचा कप्तान झाला. 31 डिसेंबर 2015 ला याच उपसागरातून 'बेंजामिन फ्रँकलिन' नावाचं 399 मीटर लांबीचं कंटेनर जहाज ऑकलंडच्या धक्क्याला लागलं. त्या जहाजाला आणि आपल्या सव्वातीन मीटरच्या फळीला टक्कर टाळण्याचं नियमांचं पुस्तक एकच.

कायद्यापुढे दोघं समान असतीलही. भौतिकशास्त्रापुढे नाहीत.

इथल्या मराठी मंडळींपैकी काही जण हल्ली बोर्ड गाडीत टाकून अलामेडाच्या क्राउन बीचवर पहाटे जाऊ लागले आहेत. छंद झकास आहे. होडीचा खर्च नाही, इंजिनाची घरघर नाही, उथळ पाण्यात माशाच्या डोक्यावर जाऊन उभं राहता येतं. 'पडलो तर पोहत येईन' एवढ्या भरवशावर मात्र निघू नये, कारण इथे धोका पडण्याच्या आधी सुरू होतो आणि पडल्यावर तो पोहण्याचा राहत नाही.

आधी फळीबद्दल. साधारण बोर्डाचं आकारमान 300 लिटर असतं, म्हणजे पूर्ण बुडवायला 300 किलोंच्या आसपास भार लागेल. तरंगण्याची चिंता नको. चिंता कलंडण्याची. पाण्यावरची कुठलीही वस्तू कलली की पाण्याचा वर उचलणारा रेटा कललेल्या बाजूला सरकतो आणि तिला परत सरळ करू पाहतो. तो रेटा जणू ज्या बिंदूतून टांगलेला आहे, त्याला आप्लवमध्य म्हणतात. तुमचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या खाली असेल तर फळी सरळ होते, वर असेल तर उलटते. फळीच्या तळापासून हा बिंदू किती उंच असेल, ते मुख्यतः रुंदीच्या घनावर ठरतं. 75 सेंटिमीटरऐवजी 90 सेंटिमीटर रुंद फळी घेतली तर रुंदी वाढते वीस टक्के, पण सरळ करणारी ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. मासेमारीचे बोर्ड परातीसारखे रुंद का असतात, याचं उत्तर या घनात आहे.

85 सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर सामानासकट 110 किलो भार धरून मी कच्चा हिशेब केला. आप्लवमध्य तळापासून सुमारे 1.1 मीटरवर आला. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जवळपास असतो, त्यात फळीची जाडी मिळवली की तोही तळापासून जवळपास 1.1 मीटरच. म्हणजे उभं असताना फळी तुम्हाला सावरत नाही, तुम्हीच घोट्यांनी फळीला सावरत असता. खाली बसलात तर गुरुत्वमध्य चाळीस सेंटिमीटरवर येतो आणि तीच फळी पाटासारखी भक्कम वाटू लागते.

मासा लागला की काय होतं पाहा. रिळाचा ब्रेक तीन किलोंवर लावला असेल, तर मासा केवढाही असो, दोरी त्याहून जास्त ओढू शकत नाही. ती सुटत जाते. छातीच्या उंचीवरच्या त्या तीन किलोंच्या ओढीला तोल द्यायला 80 किलोंच्या माणसाला अंग पाच सेंटिमीटरही सरकवावं लागत नाही. तेवढं आपण नकळत करतो. गंमत नंतर होते. दोरी तुटते किंवा गळ निसटतो, ओढ क्षणात शून्य होते आणि मागे झुकलेलं आपलं अंग मागेच जातं. मासा ओढतो म्हणून क्वचितच कोणी पडतं, मासा सोडतो म्हणून पडतात. या उपसागरात बॅट रे नावाचं मोठं पाकट सर्रास गळाला लागतं. ते बोर्ड चांगला ओढत नेतं आणि त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. अशा वेळी बसून घ्यावं, गळकाठी फळीच्या नाकाच्या दिशेला ठेवावी, आणि पाकट फळीवर घेण्याची हौस न करता दोरी कापावी.

मग सगळा वेळ बसूनच मासेमारी का करू नये? कारण बसलात की दिसेनासे होता.

माणसाच्या डोळ्याला जेमतेम एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा कळतो. एक किलोमीटरवरून तुमचे खांदे पावणेदोन कलामिनिटांचे दिसतात, म्हणजे एक ठिपका. उभे असाल तर त्या ठिपक्याला थोडी उंची असते. बसलात आणि अर्ध्या मीटरची लाट मध्ये आली की निम्मा ठिपका गेला. सकाळच्या उन्हाने पूर्वेकडचं पाणी चकाकत असेल आणि तुम्ही त्याच चकाकीत असाल, तर उरलेलाही गेला. रडारचा आधार धरू नका. रबर, फोम आणि ओलं माणूस यांचा प्रतिध्वनी लाटांच्या कचऱ्यात हरवतो. धुक्यात तर विचारूच नका. 7 नोव्हेंबर 2007 च्या सकाळी 'कॉस्को बुसान' हे जहाज रडार आणि वाटाड्या असूनही बे ब्रिजच्या मनोऱ्याच्या पायाला जाऊन घासलं आणि जवळपास दोन लाख लिटर तेल पाण्यात गेलं. ज्याला पूल चुकवता आला नाही त्याला फळी दिसेल, असं समजणं धाडसाचं आहे.

मोठ्या जहाजाचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो नियमातच लिहिलेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सुकाणूच्या जागेवरून पाहताना जहाजाच्या नाळेपुढचं, म्हणजे पुढच्या टोकासमोरचं, पाणी दोन जहाज-लांबी किंवा 500 मीटर, यांतलं जे कमी असेल, तेवढ्या अंतरापर्यंत झाकलेलं चालतं. म्हणजे सर्व नियम पाळणाऱ्या जहाजापुढेही अर्ध्या किलोमीटरचा आंधळा पट्टा असू शकतो. दहा नॉटने, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरने, येणारं जहाज तो पट्टा सुमारे 97 सेकंदांत ओलांडतं. तेवढ्या वेळात तुम्ही जोर लावून सव्वाशे मीटर वल्हवाल, तेही गळ गुंडाळायला वेळ गेला नाही तर.

इथे दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला, वल्ह्याच्या नावेला नेहमी वाट मिळते. कोणी कोणाला वाट द्यायची, या नियमात वल्ह्याच्या नावेला वेगळी जागाच नाही. उलट अरुंद मार्गिकेत वीस मीटरपेक्षा लहान नौकेने मोठ्या जहाजाला अडथळा करू नये, असं स्पष्ट म्हटलंय. दुसरा समज, मासेमारी करणाऱ्या नौकेला सवलत असते. असते, पण जाळी, ट्रॉल (मागे ओढायचं जाळं) किंवा लांब दोऱ्या टाकल्यामुळे जिला वळता येत नाही अशा नौकेला. हातातल्या गळकाठीने तुमचं वळणं अडत नाही, म्हणून सवलतही नाही.

टक्कर होणार की नाही हे ओळखायची खलाशांची एक जुनी युक्ती आहे, आणि आपला मेंदू नेमका तिथेच फसतो. समोरची बोट किनाऱ्यावरच्या झाडांच्या संदर्भात पुढे किंवा मागे सरकताना दिसत असेल तर ती निघून जाईल. ती एकाच दिशेला खिळलेली दिसत असेल आणि मोठी होत असेल, तर ती तुमच्यावर येते आहे. आपला डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे वळतो. धोक्याची बोट हलत नाही, नुसती फुगत जाते. फुगण्याचा वेगही फसवा असतो. नऊ मीटर रुंदीची फेरी बोट एक किलोमीटरवर पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंद दिसते. उघड्या पाण्यात ती 30 नॉटने, म्हणजे ताशी 55 किलोमीटरने येत असेल, तर पुढच्या 32 सेकंदांत ती दोन चंद्रांएवढीच होते. 'अजून लांब आहे' असं वाटतं. शेवटच्या शंभर मीटरला तिला साडेसहा सेकंद लागतात.

यावरचे उपाय दिखाऊ वाटतात आणि दिखाऊच असायला हवेत. मागच्या बाजूला दीड मीटरच्या दांडीवर नारिंगी झेंडा लावा. बसलं की जी उंची जाते ती त्याने परत मिळते. फ्लुरोसंट पिवळा-हिरवा शर्ट घाला. असा रंग निळा आणि अतिनील प्रकाश शोषून तो दिसणाऱ्या रंगात परत फेकतो, म्हणून ढगाळ पहाटेही उठून दिसतो. काळा वेटसूट घालणार असाल तर वर हा शर्ट हवाच. शिट्टी गळ्यात, बॅगेत नव्हे. अंधारात हातात पांढरा दिवा. जवळ जलरोधक व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 14 ऐका. या बंदराची जहाज-वाहतूक यंत्रणा त्यावर बोलते आणि कुठलं जहाज कधी निघतंय ते आधीच कळतं. 1971 साली गोल्डन गेटजवळ धुक्यात दोन तेलवाहू जहाजं एकमेकांवर आदळल्यानंतर ती यंत्रणा उभी राहिली. आणि भोंग्याचे पाच तुटक आवाज ऐकू आले तर ते तुमच्यासाठीच आहेत असं धरून चाला. त्याचा अर्थ 'तू काय करतोयस ते मला कळत नाही'.

आता पाणी. कोकणात वाढलेल्या माणसाची समुद्राची कल्पना कोमट असते. इथलं पाणी हिवाळ्यात अकरा-बारा अंश आणि उन्हाळ्यातही पंधरा-सोळाच्या आसपास. अचानक त्यात पडलं की त्वचेतले शीतसंवेदक एकदम पेटतात, एक मोठा श्वास आपोआप ओढला जातो आणि मग धाप लागते. हा शीतधक्का. तोंड पाण्याखाली असताना तो पहिला श्वास आला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी अतिथंड पाण्यासाठी 1-10-1 असा हिशेब सांगितला आहे. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. गारठून मरायला वेळ लागतो. बोटं वळेनाशी व्हायला लागत नाही.

म्हणून कमरेला बांधायच्या फुगणाऱ्या जीवरक्षक पट्ट्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तो नियमात बसतो, छान हलका असतो, पण धापा टाकत, बधिर बोटांनी दोरी ओढून, फुगलेला भाग डोक्यातून घालायचा असतो. कायदा मोठ्यांना जीवरक्षक जॅकेट फक्त बरोबर ठेवायला सांगतो. शीतधक्क्याचं ते पहिलं मिनिट मात्र अंगात घातलेल्या फोमच्या जॅकेटचंच असतं. पडल्यावर लगेच हातपाय मारू नका. तोंड वर ठेवून तरंगा, श्वास बसू द्या, मग फळीवर चढा.

फळी जवळ असेल तर. तासाला तीस किलोमीटरच्या वाऱ्यात रिकामी फळी पानासारखी पळते, तिला पोहून गाठता येत नाही. म्हणून तिला बांधणारा पट्टा हवाच. पण जिथे ओहोटीचं पाणी खांबांमधून, बोयांजवळून वाहतं तिथे घोट्याला बांधलेला पट्टा हा सापळा ठरतो. फळी खांबाच्या एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या, आणि वाहतं पाणी तुम्हाला खाली दाबतंय. घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा वापरतात. नांगराचंही तसंच. तो फळीच्या टोकाला बांधावा, कुशीला कधीच नाही, आणि जहाजांच्या मार्गिकेत तर टाकूच नये.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सकाळी आठ नॉटला उभ्या माणसावर सहा-सात न्यूटनचा रेटा असतो. दुपारी सोळा नॉट झाले की चौपट, सुमारे पंचवीस न्यूटन. बराच वेळ वल्हवणाऱ्या माणसाचा जोरही साधारण तेवढ्याच पट्टीतला, म्हणजे तुम्ही जागच्या जागी वल्हवत राहता. उन्हाळ्यात हे इथे जवळजवळ रोज होतं. आतली दरी तापते, तिथली हवा वर जाते आणि पॅसिफिकची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसते. अलामेडाला हा वारा किनाऱ्याकडे ढकलतो. उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर तो तुम्हाला काठापासून दूर, आत नेतो, आणि काठाजवळ वाऱ्याला लाट उठवायला अंतरच न मिळाल्याने पाणी फसवं शांत दिसतं. गोल्डन गेटपाशी उधाणाच्या दिवसांत ओहोटी चार नॉटच्या वर धावते, तुमचं वल्हं तीनच्या. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस बरे. तिथे न जाणं त्याहून बरं.

डोंगरातल्या ताहो सरोवरात भरती नाही, पण पाणी 501 मीटर खोल आहे. नैर्ऋत्येचा जोरदार वारा वरचं ऊबदार पाणी पूर्वेला सारतो आणि पश्चिम काठाशी खालचं गार पाणी वर येतं. काल पोहण्याजोगी असलेली जागा आज बर्फगार लागते. तिथे किनाऱ्यालगत 183 मीटरच्या पट्ट्यात मोटरबोटींना ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आहे. वर्दळीच्या दिवशी गळ टाकायला तोच पट्टा.

मिळालेल्या हॅलिबटची लांबी 22 इंच भरली पाहिजे, नाहीतर परत सोडायचा. सोन्याच्या शोधात डोंगर धुतले गेले तेव्हाचा पारा अजून या गाळात आहे, म्हणून इथला कुठला मासा किती खावा याचे सरकारी तक्तेही बघून ठेवा.

आणि फेरी सुखरूप गेली म्हणून लगेच उभं राहू नका. तिच्या मागची लाट मिनिट-दोन मिनिटांनी पोचते. खोल पाण्यात ती लांब, बुटकी, कळतही नाही. क्राउन बीचसारख्या उथळावर आली की तळाशी तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. तोवर फेरी पुलापलीकडे दिसेनाशी झालेली असते. गळ वर घ्या, बसा, फळीचं नाक लाटेकडे करा. ती येते आहे.