टायरवर कोरलेला आकडा म्हणजे भरायची हवा नव्हे

टायरच्या कडेवर कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असा कोरलेला असतो. तेवढी हवा भरली की स्पोर्ट्स कार वळणावर घट्ट धरते, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. टायर कोणत्या गाडीला लागणार, तिचं वजन किती, हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसतं. योग्य दाब गाडीची कंपनी ठरवते. तो बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन सीटांची स्पोर्ट्स कार घ्या. वजन टनाच्या आसपास आणि शिफारस फक्त २६ पीएसआय!

अशा हलक्या गाडीत ४० भरले तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि मधल्या भागातच झिजतो. खडबडीत वळणावर गाडी उड्या मारते. मग लोक सस्पेन्शनला दोष देतात आणि महागडे शॉक अब्जॉर्बर बदलतात. माझी कळकळीची विनंती आहे, आधी गेज लावून हवेचा दाब मोजा, तेही टायर थंड असताना. कारण चालवल्यावर दाब वाढतो, साधारण दर ५-६ अंश सेल्सिअसला १ पीएसआय.

ट्रॅकवर जाणार असाल तर टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि कडेची भिंत जिथे मिळतात तिथे, खडूच्या रेघा मारा. काही वळणांनंतर खडू कुठवर पुसला गेला ते पाहा. कडेच्या भिंतीपर्यंत पुसला असेल तर हवा कमी आहे. खांद्यापर्यंतही पोहोचला नसेल तर जास्त. बदल एकेक पीएसआयचाच करा.