दहावीचा विज्ञानाचा पेपर असा कसा झाला?

2024 साली राज्याचा नवा शालेय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यातल्या एका तरतुदीवर घरोघरी चर्चा झाली. दहावीला गणित किंवा विज्ञानात 35 गुण मिळाले नाहीत, पण 20 तरी मिळाले, तर त्या मुलाला पुढे जाऊ द्यावं. मात्र त्याला गणित-विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती तरतूद. दर्जा घसरेल, असं काहींचं म्हणणं. निदान मुलांची शाळा तरी सुटणार नाही, असं इतरांचं. मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आहे. या वादात 20 आणि 35 या आकड्यांवर जेवढं बोललं गेलं, तेवढं त्या पेपरावर बोललं गेलं नाही, याचं मला वाईट वाटलं. म्हणून त्या पेपराची ही पार्श्वभूमी.

सध्याची मांडणी शिक्षकांना पाठ आहे. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग 1 आणि भाग 2, प्रत्येकी 40 गुण, प्रत्येकी दोन तास. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगं, आवर्तसारणी, धातू, कार्बनी संयुगं, म्हणजे भौतिक आणि रसायन. दुसऱ्यात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव, प्राण्यांचं वर्गीकरण, पर्यावरण, म्हणजे मुख्यतः जीवशास्त्र. उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ते शाळाच देते. दरवर्षी राज्यातली सुमारे 15 लाख मुलं या साच्यातून जातात.

या साच्याचं मूळ मॅट्रिकमध्ये आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि 1859 साली त्याने पहिली मॅट्रिक घेतली. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा शाळेतलं शिक्षण कसं झालं हे पाहण्यासाठी नव्हती, कॉलेजात कोणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी होती. मग शाळांनीही तेवढंच शिकवायला सुरुवात केली. 1882 च्या हंटर आयोगाने सुचवलं की हायस्कुलात दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहारोपयोगी शिक्षणाची. दुसरी वाट फारशी कोणी धरली नाही, कारण नोकरी विचारत होती ती मॅट्रिकला.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून निघून एस.एस.सी. परीक्षा म्हणून स्वतंत्र झाली. आजचं राज्य मंडळ 1 जानेवारी 1966 पासूनचं. दरम्यान 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत सामान्य विज्ञान सर्वांना शिकवावं आणि परीक्षेत नुसत्या निबंधवजा प्रश्नांवर विसंबू नये, असं सांगितलं. 1964-66 च्या कोठारी आयोगाने आणखी ठाम भूमिका घेतली : शाळेची पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं. 'सर्वांना' या शब्दाचं महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान देण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. मुलगे आणि मुली यांचा अभ्यासक्रम वेगळा नको, असं हंसा मेहता यांच्या समितीने लिहिलं आणि कोठारी आयोगाने ते उचलून धरलं. आज दहावीच्या बाकावर बसून प्रत्येक मुलगी ओहमचा नियम लिहिते, त्यामागे हा निर्णय आहे.

आता प्रश्नांविषयी, कारण खरी गोष्ट तिथे आहे. 1956 साली अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यानंतर लवकरच ब्लूम भारतात आले, इथल्या शिक्षकांसोबत मूल्यमापनाच्या कार्यशाळा झाल्या आणि 1958 साली दिल्लीत परीक्षा सुधारणेसाठी एक केंद्रीय विभाग सुरू झाला. पुढे हे काम 1961 साली स्थापन झालेल्या एनसीईआरटीकडे, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेकडे गेलं. आपल्याकडे बी.एड. केलेल्या प्रत्येकाने घोकलेले 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' हे शब्द आणि पेपर काढण्याआधी भरायचा संविधान तक्ता, म्हणजे पेपरचा आराखडा, हे त्या चळवळीचं देणं. कोणत्या घटकाला किती गुण, त्यातले स्मरणाचे किती, आकलनाचे किती, हे आधी ठरवायचं आणि मग प्रश्न लिहायचे. त्याआधी पेपर काढणाऱ्याच्या मनाला येईल ते विचारलं जाई, हे ध्यानात घेतलं तर ही मोठी सुधारणा होती.

'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्नप्रकार मला या सुधारणेचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात दुर्दैवी फळ वाटतो. कल्पना सुंदर आहे : रोजचा अनुभव द्यायचा आणि त्यामागचं तत्त्व मुलाने शोधायचं. 'विजेच्या बल्बमधलं कुंतल टंगस्टनचं का करतात?' हा त्यातला नेहमीचा प्रश्न. पहिल्यांदा विचारला तेव्हा तो आकलनाचा होता. मग तो गाइडात गेला, अपेक्षित प्रश्नसंचात गेला, आणि 'टंगस्टनचा द्रवणांक अतिशय उच्च असतो, त्यामुळे ते न वितळता प्रकाश देते' ही ओळ मुलं तोंडपाठ करू लागली. तक्त्यात मात्र तो अजून आकलनाच्याच रकान्यात बसतो. मी एकदा वर्गात उलटं विचारलं : बल्बची काच फुटली, पण तार शाबूत राहिली, तर बटण दाबल्यावर काय होईल? द्रवणांक सुमारे 3400 अंश सेल्सिअस आहे हे सांगणारी मुलंही गप्प बसली. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "हवा लागंल ना सर तिला. जळून जाईल." लेखी परीक्षेत त्याचे गुण कायम काठावरचे असत.

1975 साली नव्या 10+2+3 आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी मॅट्रिकचा जमाना संपत आला. विज्ञान सक्तीचं झालं, मुलांची संख्या झपाट्याने वाढली, शाळा खेड्यापाड्यांत गेल्या. प्रयोगशाळा त्या वेगाने गेल्या नाहीत. इतक्या उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत, सारख्या मापाने तपासायच्या तर प्रश्न ठरावीक आणि उत्तरं ठरलेली असणं सोयीचं होतं. मंडळाची अडचण मी समजू शकतो. पण जे मोठ्या प्रमाणावर तपासायला अवघड, ते हळूहळू बाजूला पडतं.

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचंही असंच झालं. 1963 साली दिल्लीत फक्त 10 शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेली ही योजना पुढच्याच वर्षी देशभर गेली आणि शिष्यवृत्त्या 350 झाल्या. तेव्हा ती निव्वळ विज्ञानासाठी होती, आणि मुलाला लेखी परीक्षेबरोबर स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे. 1976 नंतर ती इतर विद्याशाखांनाही खुली झाली, हे योग्यच. मात्र त्याच वेळी प्रकल्प अहवाल गेला आणि पर्याय निवडण्याच्या चाचण्या आल्या. पुढे मुलाखतही गेली. 2021 नंतर तर ही परीक्षाच थांबली आहे.

उलट्या दिशेचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, आणि त्यांतले दोन मला फार मोलाचे वाटतात. एक मध्य प्रदेशातला. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था पुढे होत्या, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला होते. सहावी ते आठवीचा हा कार्यक्रम. आठवीच्या परीक्षेत मुलं पुस्तक आणि आपली वही उघडी ठेवून लिहीत. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा खरोखर साहित्य हातात देऊन होई. उघड्या पुस्तकात सापडणार नाही असा प्रश्न काढणं शिक्षकांना शिकावं लागलं. सुमारे हजार शाळांपर्यंत पोचलेला हा कार्यक्रम 2002 साली सरकारने बंद केला.

दुसरा आपल्याकडचा. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने 1981 साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली, सहावी आणि नववीसाठी. लेखी चाचणी पार केलेल्या मुलाला प्रात्यक्षिक द्यावं लागतं, पुढे प्रकल्प आणि मुलाखत. शिक्षकांनी स्वतः उभी केलेली ही परीक्षा चार दशकं टिकली आहे. आता तिचेही क्लास निघाले आहेत, तरीही प्रात्यक्षिकाचा टप्पा मुलाला उपकरणापाशी नेतोच.

दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांत हे अनेक शाळांत घडत नाही. प्रात्यक्षिक वही फळ्यावरून उतरवलेली असते आणि निरीक्षणांचे आकडे साऱ्या वर्गाचे एकच येतात. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायला भिंग, एक पांढरा कागद आणि पट्टी पुरते. खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट आली की अंतर मोजायचं. तास मात्र मिळावा लागतो.

आणखी एक धागा भाषेचा, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली मुंबईत सुरू झालं. केंद्राचं काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत झालं, तसंच मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित समाजातल्या मुलांसोबतही. केंद्रातले व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे दिसलं की मुलांची मोठी अडचण विज्ञानात नाही, पुस्तकाच्या भाषेत आहे. मजकूर सोपा केला की समज वाढते. आपल्या परिभाषेने मराठीतून विज्ञान शिकणं शक्य केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण चुलीवरच्या पातेल्यात पाण्यापेक्षा तेल लवकर तापतं हे जाणणारी मुलगी 'विशिष्ट उष्माधारकता म्हणजे काय?' या प्रश्नापाशी अडते, तेव्हा पेपरने तिचं नेमकं काय तपासलं? सेमी-इंग्रजी वर्गांत ही दरी दुहेरी होते. विज्ञान इंग्रजीत, घर मराठीत किंवा अहिराणीत, आणि उत्तर पाठ केलेल्या वाक्यात.

पाठ केलेल्या उत्तरांची मर्यादा बाहेरच्या चाचण्यांनी दोनदा दाखवली. 1970 च्या सुमारास झालेल्या आंतरराष्ट्रीय विज्ञान चाचणीत आपली हिंदी भाषक राज्यांतली मुलं बसली आणि तळाला राहिली. पुढे पिसा या 15 वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2009 च्या फेरीला जोडून झालेल्या चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, तेही शेवटच्या स्थानांवर. अनोळखी परिस्थिती देऊन तिच्यावर विचार करायला लावणारे प्रश्न आपल्या मुलांनी क्वचितच पाहिलेले असतात. निकालानंतर भारत त्या चाचणीतून बाहेर पडला.

आता 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने घोकंपट्टीऐवजी क्षमतांवर आधारित प्रश्नांचा आग्रह धरला आहे, 2023 मध्ये त्यासाठी 'परख' ही संस्था आली, आणि सीबीएसईने तसे प्रश्न वाढवले आहेत. राज्यात 20 गुणांच्या शेऱ्याची चर्चा त्याच सुमाराला झाली. बल्बच्या तारेचं बरोबर सांगणारा तो मागच्या बाकावरचा मुलगा आजच्या पेपरात 20 आणि 35 च्या मधे कुठेतरी असता, आणि विज्ञान शिकण्याची त्याची वाट त्या शेऱ्याने बंद झाली असती.