दुःखसहन सप्ताहातील कौटुंबिक मनन

दुःखसहन सप्ताहातील कौटुंबिक मनन : झावळ्यांच्या रविवारापासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत ख्रिस्ती घरांत दिवेलागणीनंतर होणारे शास्त्रवाचन, गायन, प्रार्थना आणि त्यावरचे आपसांतले बोलणे. येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या आठवड्यातला प्रसंग ज्या वारी घडला त्याच वारी वाचायचा, एवढाच या प्रथेचा नेम. चर्चमध्ये पाळक सांगतात आणि मंडळी ऐकते. घरात मूल मध्येच थांबवून ‘पण त्यानं असं का केलं?’ असे विचारू शकते. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट पुढचे पान न उलटता, त्या त्या दिवसापाशी थांबून वाचायची. हे थांबणेच या प्रथेतले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

प्रॉटेस्टंट घरांत ‘दुःखसहन सप्ताह’, ‘वधस्तंभ’, ‘प्रभुभोजन’ हे शब्द चालतात. कॅथलिक घरांत ‘पवित्र आठवडा’, ‘क्रूस’, ‘मिस्सा’. शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत एकाच वस्तूला दोन नावे असली, तरी या आठवड्यात वाचली जाणारी पाने तीच असतात. वारांप्रमाणे प्रसंग आठवण्याची रीत फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री यरुशलेमला गेली होती. तिथले लोक त्या त्या दिवशी त्या त्या ठिकाणी जाऊन तिथलाच उतारा कसा वाचतात, याचे बारकाईने केलेले वर्णन तिने मागे ठेवले आहे. ज्यांना यरुशलेमला जाता येत नाही, त्यांच्यासाठी घरातली बैठक हीच ती जागा.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गुल्ड वाइल्डर १८५२ मध्ये आले आणि त्यांनी शाळांपासून कामाला सुरुवात केली. पुढे १८७० मध्ये हे मिशन अमेरिकेतील प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळाकडे गेले. कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, निपाणी, इस्लामपूर अशा ठिकाणी या मिशनची केंद्रे, दवाखाने आणि शाळा उभ्या राहिल्या. वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच १८६३ मध्ये जन्मला आणि पुढे विद्यार्थ्यांच्या मिशन चळवळीचा प्रवर्तक म्हणून जगभर ओळखला गेला. वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात हे घराणे अजून आहे. कॅथलिकांच्या दृष्टीने कोल्हापूर जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. प्रेसबिटेरियन वळणात घरातल्या रोजच्या प्रार्थनेला आधीपासूनच वजन होते, त्यामुळे इथल्या मराठी ख्रिस्ती घरांना सप्ताहासाठी काही नवे शिकावे लागले नाही. रोजची बैठक या सात दिवसांत थोडी लांबते, इतकेच.

या बैठकीतली भाषाही पूर्ण इथली आहे. ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याची वाट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ने दाखवली. अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यामुळे दुःखसहनाची गाणी म्हणताना आजीला चाल शिकावी लागत नाही. टाळाचा ठेका हाताला माहीत असतो. परदेशी चालींची भाषांतरित गीतेही गायली जातात, पण मन जड होते तेव्हा अभंगच वर येतो.

पौर्णिमा आणि पंचांग. ईस्टरची, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारची, तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, हा ढोबळ नियम. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. येशूला धरले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणात, आणि वल्हांडण पौर्णिमेचा सण. कोल्हापूरकरांना हे समजायला वेळ लागत नाही, कारण ही पौर्णिमा अनेकदा चैत्राची असते आणि चैत्र पौर्णिमा म्हणजे वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा. सासनकाठ्या, गुलाल आणि ‘चांगभलं’चा गजर एकीकडे, घरात गेथशेमाने बागेचा, येशूला धरले त्या रात्रीचा उतारा दुसरीकडे, असे २०२३ मध्ये एकाच आठवड्यात झाले. २०२६ मध्येही तसेच झाले. त्या वर्षी २ एप्रिलच्या पवित्र गुरुवारी सकाळी पौर्णिमा संपली आणि रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता. ईस्टर लवकर आला तर तीच पौर्णिमा फाल्गुनाची, म्हणजे होळीची ठरते. २०२४ मध्ये झावळ्यांच्या रविवारी होळी होती आणि शांत शनिवारी, ३० मार्चला, रंगपंचमी. कोल्हापुरात रंग खेळायचा दिवस रंगपंचमीच. मुलांना गल्लीत जाऊ द्यायचे की घरात बसवायचे, हा प्रश्न त्या वर्षी घराघरांत खरोखर उभा होता.

चंद्राची ही गोष्ट मुलांना गच्चीवर नेऊन सांगावी. येशू जैतुनांच्या बागेत प्रार्थना करत होता ती रात्र काळोखी नव्हती. असाच मोठा चंद्र वर होता. तरीही शिष्य झोपले. धरायला आलेले लोक दिवे आणि मशाली घेऊन आले होते, असे चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या चरित्रांपैकी, योहानाचे सांगते, आणि भर चांदण्यात मशाली कशाला, हे मुलांनाच सुचते.

आठवड्याचे दिवस. रविवारी नारळाच्या किंवा शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन ‘होसान्ना’ म्हणत मिरवणूक निघते. घरी आल्यावर झावळीच्या पात्यांचे छोटे क्रूस विणले जातात. झावळ्यांचा उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी एकट्या योहानात आहे. ‘होसान्ना’ हा जयघोष वाटतो, पण मूळ अर्थ ‘आता तार’ असा विनवणीचा. तो ११८ व्या स्तोत्रातून आला. राजा घोड्यावर नाही, गाढवीच्या शिंगरावर बसून येतो. दसऱ्याचा लवाजमा पाहिलेल्या कोल्हापूरच्या मुलाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

सोमवारी मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथल्याचा उतारा वाचतात, मंगळवारी वादविवाद आणि गरीब विधवेचे दान. मराठी शास्त्रात तिने ‘दोन टोल्या’ टाकल्या, त्यांची किंमत एक दमडी. टोली आणि दमडी दोन्ही चलनातून गेली, शब्द मात्र वाचनात टिकले आहेत, आणि आजोबांना त्यांचा अर्थ सांगण्यात आनंद असतो. हे दोन दिवस बहुतेक घरांत भरभर जातात.

बुधवारी बेथानी. एका स्त्रीने अतिशय महागडे सुगंधी तेल येशूवर ओतले. मार्क आणि मत्तय तिचे नाव देत नाहीत. योहान ती मार्थेची बहीण मरीया असल्याचे सांगतो आणि हा प्रसंग काही दिवस आधी ठेवतो. तेल होते जटामांसीचे. जटामांसी हिमालयात उगवणारी वनस्पती. केसांच्या तेलात पडते म्हणून घरोघरी ओळखीची. यरुशलेमजवळच्या घरात पसरलेला वास हिंदुस्थानच्या डोंगरांतून गेलेला असावा, हे कळल्यावर तो प्रसंग एकदम जवळ येतो. त्या तेलाची किंमत तीनशे दीनार, म्हणजे मजुराची जवळपास वर्षभराची मजुरी. त्याच दिवशी येशूला धरून देणारा शिष्य यहूदा रुप्याच्या तीस नाण्यांवर सौदा करतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले की आठ वर्षांच्या मुलालाही बोलायला पुष्कळ सापडते.

गुरुवार. या संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ बसावे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. आपल्याकडे पाया पडण्याची दिशा ठरलेली आहे : धाकट्याने वाकायचे, थोरल्याने डोक्यावर हात ठेवायचा. लग्नात मुलीचे वडील जावयाचे पाय धुतात, वारीहून आलेल्या माणसाचे पाय धुतात. तिथेही ज्याचे पाय धुतले जातात त्याला थोरपण दिलेले असते. योहानाच्या तेराव्या अध्यायात गुरू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नावाचा शिष्य आधी ठाम नकार देतो. पाश्चात्त्य वाचकाला तो नकार विनयाचा वाटत असेल. मराठी घरात तो संकोच अंगावर येतो, कारण इथे वडीलधाऱ्याने आपल्या पायांना हात लावणे म्हणजे पाप लागणे. काही घरांत या रात्री परात आणि तांब्या मधोमध ठेवतात. आजोबा नातवाचे पाय धुतात, सासूबाई सुनेचे. सून पाय मागे घेते, ‘नको आई’ म्हणते, आणि पेत्र काय म्हणाला ते वेगळे शिकवावे लागत नाही. ज्यांना हे प्रत्यक्ष करणे जड जाते त्यांनी नुसते वाचले तरी चालते. पण एकदा ज्या घरात झाले तिथे ती रात्र बोलण्यातून जात नाही. चर्चमध्ये कॅथलिक धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, तो विधी याच प्रसंगाचा.

मग येशूचे शिष्यांबरोबरचे अखेरचे भोजन. ‘बेखमीर भाकर’ हा शब्द इतरत्र मुलांना समजावून सांगावा लागतो. आपल्या ताटातली भाकरी आणि चपाती बेखमीरच असतात. इथे उलट खमीर काय, हे पाव दाखवून सांगायचे. इस्राएल लोक मिसरातून रातोरात निघाले, कणीक फुगायला वेळच नव्हता, म्हणून वल्हांडणाची भाकर अशी. त्या भोजनाच्या आठवणीचा, प्रभुभोजनाचा संस्कार चर्चमध्ये होतो. घरच्या जेवणाला तो दर्जा कोणी देत नाही आणि देऊही नये. एकच भाकरी सगळ्यांनी मोडून खाणे एवढे पुरते.

शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. बऱ्याच मंडळ्यांत सात उद्गारांवर सात वेगवेगळे वक्ते बोलतात. तीन तासांची ही उपासना सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातल्या लिमा शहरी जेझुइटांनी रूढ केली, असे मानले जाते. सातही उद्गार कोणत्याही एका शुभवर्तमानात नाहीत : तीन लूककडे, तीन योहानाकडे, आणि ‘एली, एली, लमा सबखथनी’ (माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?) मत्तय व मार्क यांच्याकडे. कॅथलिक घरांतली माणसे क्रुसाच्या वाटेवरच्या, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीतले प्रसंग दाखवणाऱ्या, चौदा स्थानांपुढे प्रार्थना करतात. अनेकजण उपास करतात किंवा एकवेळच जेवतात. एप्रिलच्या उन्हात पाणीही न पिता बसलेल्या थोरांना ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार निराळ्या रीतीने ऐकू येतो.

घरी आल्यावर संध्याकाळचे वाचन छोटे ठेवावे. लहान मुलांपुढे खिळ्यांचे आणि रक्ताचे वर्णन रंगवून सांगण्याची गरज नाही. शुभवर्तमानकारांनीही ‘त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले’ एवढ्यावरच थांबून घेतले आहे. दुसरी काळजी अधिक महत्त्वाची. योहानात ‘यहूदी’ हा शब्द येशूच्या विरोधकांसाठी वारंवार येतो, आणि त्याच्या आधाराने युरोपात शतकानुशतके यहुद्यांचा छळ झाला. येशू, त्याची आई, बारा शिष्य, थडग्याकडे गेलेल्या स्त्रिया, सगळेच यहूदी होते, हे वाचण्याआधी सांगायलाच हवे. येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, असे कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये स्पष्ट केले. मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आपले शेजारी म्हणून राहिले. त्यांची आठवण याच संध्याकाळी काढावी.

शनिवारी वाचायला जवळजवळ काही नसते. लूक एक ओळ देतो : स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ पाळून विसावा घेतला. मत्तय थडग्यावर बसवलेल्या पहाऱ्याचे सांगतो. बस. त्यामुळे या दिवशी घाई सुटते. केक, नवे कपडे, उद्याचे मटण यांच्या गडबडीत शनिवार रविवारची तयारी होऊन जातो. खरे तर घरात ज्या वर्षी कोणी गेलेले असते, त्या वर्षी हाच दिवस सर्वांत ओळखीचा वाटतो. सगळे झाले आहे, माणसे परत गेली आहेत आणि पुढे काय ते कोणालाच माहीत नाही. त्या स्त्रियांना रविवार ठाऊक नव्हता. त्या संध्याकाळी दिवा लावून, एक अभंग म्हणून, गेलेल्या माणसांची नावे घेऊन नुसते बसणे काही कुटुंबांत चालते. मुलाने ‘आज गोष्ट नाही?’ विचारले तर ‘आज नाही’ म्हणावे.

रविवारी अंधार असतानाच उठणे, पहाटेची उपासना, ‘प्रभू उठला आहे’, ‘खरोखर उठला आहे’. घरातले वाचन योहानाच्या विसाव्या अध्यायाचे : मरीया मग्दालीया रडत उभी आहे, समोरच्याला माळी समजते, आणि तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ओळखते. ‘मरीये’ हा एक शब्द घरातल्या सर्वांत धाकट्याकडून वाचून घ्यावा. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा होतो आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत डबे जातात. पहिल्या रविवारी विणलेले झावळीचे क्रूस शास्त्राच्या पुस्तकात किंवा भिंतीवरच्या चौकटीमागे वर्षभर राहतात. कॅथलिक मंडळी वाळलेल्या झावळ्या पुढल्या वर्षी चर्चमध्ये परत देतात, आणि त्या जाळून झालेली राख भस्म बुधवारी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लागते.