युरोपीय रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळा

रेणवीय जीवविज्ञानातील (सजीवांचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या शास्त्रातील) मूलभूत संशोधन, प्रशिक्षण आणि उपकरणसेवा यांसाठी युरोपातील राष्ट्रांनी करार करून चालविलेली आंतरराष्ट्रीय संस्था. ‘ईएमबीएल’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. मुख्यालय जर्मनीत हायडेलबर्ग शहरालगतच्या टेकडीवर आहे. संस्थापक दहा राष्ट्रांत युरोपबाहेरच्या इझ्राएलचाही समावेश होता.

संस्थेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. प्रचलित वृत्तांतानुसार डिसेंबर १९६२ मध्ये स्टॉकहोमहून नोबेल पारितोषिके घेऊन परतणारे जॉन केंड्रू व जेम्स वॉटसन जिनीव्हाला थांबले. तेथे भौतिकीविज्ञ लिओ झिलार्ड आणि तेथील ‘सर्न’ या युरोपीय राष्ट्रांच्या सामायिक भौतिकी प्रयोगशाळेचे महासंचालक व्हिक्टर वाइसकोप्फ यांच्याशी झालेल्या चर्चेत ‘सर्न’च्या धर्तीवर जीवविज्ञानाची प्रयोगशाळा काढण्याची कल्पना पुढे आली. तिचे श्रेय बहुधा झिलार्ड यांना दिले जाते. मात्र या तुलनेला मर्यादा आहे. कणत्वरक (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) एकट्या राष्ट्राला परवडत नाही म्हणून ‘सर्न’ उभी राहिली. त्या काळच्या जीवविज्ञानाला एवढे महाकाय यंत्र लागतच नव्हते. त्यामुळे संशोधकांची अमेरिकेकडे लागलेली रीघ थांबविणे हाच खरा हेतू होता, असे म्हणणाऱ्यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते. सामायिक प्रयोगशाळेची गरजच काय, असा आक्षेप खुद्द जीवविज्ञांमधूनही घेतला गेला. १९६३ मध्ये इटलीतील राव्हेल्लो येथे झालेल्या बैठकीनंतर १९६४ मध्ये आधी शिष्यवृत्त्या व अभ्यासवर्ग चालविणारी ‘एम्बो’ ही युरोपीय रेणवीय जीवविज्ञान संघटना स्थापन झाली. प्रयोगशाळेच्या करारावर १९७३ मध्ये सह्या झाल्या, १९७४ मध्ये तो अंमलात आला आणि केंड्रू पहिले महासंचालक झाले.

येथील नोकरीची रीत वेगळी आहे. बहुतेक शास्त्रज्ञांचे करार मुदतीचे असतात आणि कमाल मर्यादा नऊ वर्षे. गटप्रमुखाला सामान्यतः आधी पाच वर्षे मिळतात. बाहेरच्या तज्ज्ञांनी काम तपासल्यावर आणखी चार. गट लहान असतात. पुष्कळ गटप्रमुखांची ही पहिलीच स्वतंत्र जबाबदारी असते. मुदत संपताच चांगले काम करणाऱ्यालाही जावे लागते. तयार झालेला माणूस सदस्य राष्ट्रांत परतावा, हा त्यामागील विचार. दहा-पंधरा वर्षे चिकाटी मागणारे प्रश्न येथे हाती घेणे अवघड, ही टीकाही निराधार नाही. पीएच.डी.चा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९८३ पासून चालू आहे. पीएच.डी.नंतरच्या संशोधकांसाठी दोन भिन्न विषयांच्या गटांना जोडणारी पदेही आहेत.

ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड व एरिक विशाउस हे दोघे जीवविज्ञ १९७८ च्या सुमारास येथे आले. एकच अळी दोघांना एकदम पाहता येईल अशा जोड-सूक्ष्मदर्शकासमोर बसून त्यांनी फळमाशीची हजारो उत्परिवर्ते (जनुकात बदल झालेले नमुने) तपासली. अळीच्या उपत्वचेवरील बारीक दातऱ्यांचे पट्टे कोठे गळतात, कोठे जुळतात, यावरून शरीराचे खंड पाडणारी जनुके त्यांनी वेगळी केली. १९८० च्या निबंधात अशी १५ जनुके होती. १९८१ पर्यंत दोघेही हायडेलबर्ग सोडून गेले होते. नोबेल १९९५ मध्ये मिळाले.

येथीलच झाक ड्युबोशे यांच्या गटाचे काम पाण्याशी निगडित होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात ओला नमुना सुकतो; तो सावकाश गोठवला, तर बर्फाचे स्फटिक रचना बिघडवतात. पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा द्रव इथेनमध्ये झटकन बुडविला, की स्फटिक होण्यापूर्वीच तो काचेसारखा घट्ट होतो. द्रव नायट्रोजन इथेनहूनही थंड असला, तरी नमुन्याभोवती तो उकळू लागतो आणि तयार झालेला वायूचा थर उष्णता लवकर बाहेर पडू देत नाही. म्हणून नायट्रोजनने थंड केलेले इथेन वापरतात. पाणी काचरूप करण्यातील अग्रक्रमाबद्दल इन्सब्रुकच्या संशोधकांचाही उल्लेख करावा लागतो, पण सूक्ष्मदर्शनासाठी उपयोगी ठरलेली पद्धत हायडेलबर्गचीच. ड्युबोशे यांना २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

जनुकीय अनुक्रमांचा (डीएनएमधील घटकांच्या क्रमांचा) संग्रह १९८० मध्ये हायडेलबर्गला सुरू झाला. पुढे तो केंब्रिजजवळील हिंक्सटन येथे हलविण्यात आला आणि १९९४ पासून तेथील युरोपीय जैवमाहिती संस्थेत आहे. अन्य केंद्रे हॅम्बुर्ग, ग्रनोबल, रोम व बार्सेलोना येथे आहेत. पैकी हॅम्बुर्ग व ग्रनोबल येथे प्रथिनांच्या रचनेसाठी लागणारे प्रखर क्ष-किरण शेजारच्या भौतिकी संस्थांकडून मिळतात.