मेन संपलं तरी थ्रेड चालूच

आमच्याकडे इंदूरला गल्लीत गणपतीचा मांडव घालतात तेव्हा आधी पाइप, मग कापड, मग लाइटिंग, आणि उतरवताना बरोबर उलटं. आता वायरमन अजून शिडीवर आहे आणि कोणी खालचे पाइपच सोडवले तर काय होईल? आमच्या सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतल्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये हेच होत होतं. सगळ्या टेस्ट पास, रिझल्ट बरोबर, आणि अगदी शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्राम कोसळणं), तोही रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी, त्यामुळे सापडायला फार वेळ लागला.

प्रोग्राम जिथून सुरू होतो ते मेन फंक्शन संपलं म्हणजे प्रोग्राम संपला असं आपल्याला वाटतं, पण त्यानंतर स्टॅटिक, म्हणजे प्रोग्राम संपेपर्यंत जगणाऱ्या, ऑब्जेक्ट्सचे डिस्ट्रक्टर, म्हणजे त्यांना मोडणारी फंक्शन्स, चालतात, जे शेवटी तयार झालं ते आधी मोडतं. एका फाइलीत हा क्रम वरून खाली वाचून कळतो, पण वेगवेगळ्या फाइलींतल्या ग्लोबल ऑब्जेक्ट्समध्ये (तेही असेच शेवटपर्यंत जगणारे) आधी कोण तयार होणार याची भाषा हमीच देत नाही, मग मोडण्याचा क्रम तरी कुठून कळणार.

आमचा लॉगर, म्हणजे प्रोग्राम काय करतोय ते फाइलीत नोंदवणारा ऑब्जेक्ट, असाच स्टॅटिक होता, आणि एक डिटॅच केलेला (ज्याची वाट कोणी बघत नाही असा) थ्रेड, म्हणजे बाजूला समांतर चालणारं काम, दर सेकंदाला त्यात एक ओळ लिहायचा. मेन संपलं, लॉगर मोडला, थ्रेडला पत्ताच नाही, तो लिहायला गेला आणि गेलं सगळं. म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावून उपयोग नाही, कारण तो लॉगरच्याच पोटात होता, तोही मोडला. २०११ च्या स्टँडर्डपासून फंक्शनच्या आतला स्टॅटिक थ्रेड-सेफ (अनेक थ्रेड एकदम आले तरी सुरक्षित) झाला असं सगळे सांगतात, खरंच आहे ते, पण ती हमी फक्त तो तयार होतानाची आहे, मोडतानाची नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, थ्रेड डिटॅच करू नका. मेनमधून बाहेर पडायच्या आधी त्याला थांबायला सांगा आणि जॉइन करा, म्हणजे तो संपेपर्यंत वाट बघा. सी प्लस प्लस २० मधला जेथ्रेड हा थ्रेडचा नवा प्रकार हे दोन्ही आपोआप करतो, पण तोच स्टॅटिक केलात तर परत क्रमाचं तेच दुखणं. क्लँग या कंपायलरमध्ये एक्झिट-टाइम-डिस्ट्रक्टर्स नावाची वॉर्निंग आहे, ती मुद्दाम चालू करावी लागते, मग असे सगळे स्टॅटिक दिसतात.

लॉगर मात्र आम्ही न्यू करून (आपण मोडेपर्यंत टिकेल असा बनवून) तसाच सोडला, डिलीट कधीच नाही, प्रोसेस संपली की मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेतेच. फक्त थ्रेड जॉइन झाल्यावर लॉगरचा बफर, म्हणजे लिहायच्या बाकी ओळी, आपल्या हाताने फ्लश करायचा (फाइलीत उतरवायचा), नाहीतर शेवटच्या चार ओळी, ज्या सगळ्यात जास्त हव्या असतात, त्याच फाइलीत येत नाहीत.