दिव्याखालचा अंधार

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ठाण्याच्या नौपाड्यात लाइट गेले, तेव्हा मामांनी नवाकोरा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं पाटीसारखं यंत्र, उघडला. पान कोरं, उजेड मंद. तळाशी बोटभर पिवळसर पट्टा, वर निळसर झाक, आणि उजव्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा चमकता ठिपका. १८९३ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे ते जुने सभासद. कडेने पिवळी पडलेली पानं त्यांना नवी नाहीत. पण पहिल्याच दिवशी?

ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा; त्याला स्वतःचा उजेड नसतो. सूक्ष्म कुप्यांतले काळे-पांढरे कण विद्युतभाराने वरखाली होतात, त्यातून अक्षर उमटतं. पडदा अपारदर्शक, त्यामुळे मोबाइलसारखा मागून दिवा लावता येत नाही. सोनीचा २००४ चा ई-रीडर लिब्रिए घ्या किंवा अ‍ॅमेझॉनचा २००७ चा पहिला किंडल, रात्री वाचायचं तर टेबललॅम्प हवाच. सोनीने २००८ मध्ये पीआरएस-७०० या ई-रीडरच्या कडेला एलईडी बसवून पाहिले, पण उजेड सारखा पसरेना.

२०१२ मध्ये नूकचा ग्लोलाइट, कोबो ग्लो आणि किंडल पेपरव्हाइट हे दिवे असलेले ई-रीडर एकाच वर्षात आले. पेपरव्हाइटच्या खालच्या कडेला चार एलईडी. त्यांचा उजेड पडद्यावरच्या पातळ पारदर्शक थरात शिरतो आणि तिथल्या बारीक खाचांवरून खाली पानावर उतरतो. एलईडीच्या अगदी जवळ मात्र किरणांना एकमेकांत मिसळायला जागाच नसते, म्हणून तळाशी सावल्या. दिव्याखाली अंधार, अगदी शब्दशः! तळाचा उजेड पूर्ण एकसारखा नाही, हे अ‍ॅमेझॉनने तेव्हा विक्रीच्या पानावरच लिहून टाकलं होतं. असा रोखठोकपणा विरळाच. चमकत्या ठिपक्याचं कारण साधं: थरात धुळीचा कण किंवा ओरखडा असला की उजेड तिथेच फुटतो.

रंगाचं दुखणं वेगळं. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा (निळ्या उजेडातला काही भाग पिवळा करणाऱ्या द्रव्याचा) लेप. लेपात किंचित फरक पडला की छटा बदलते. कारखान्यात छटांप्रमाणे एलईडी निवडून वेगळे काढतात. किती फरक खपवून घ्यायचा, हा शेवटी पैशांचा हिशेब. पुढे कोबो ऑरा वन (२०१६) आणि किंडल ओअ‍ॅसिस (२०१९) यांत उबदार, पिवळसर उजेडही आला, ओअ‍ॅसिसमध्ये एलईडी पंचवीस झाले. उजेड सुधारला, पण आता दोन रंग जुळवायचे. २०२४ च्या रंगीत किंडलच्या तळाशीही पिवळी पट्टी निघालीच.

मामांनी ई-रीडर बदलून घेतला. नव्यात ठिपका नाही. पिवळा पट्टा आहे, फक्त डावीकडे सरकलाय.